मुरूडहून मुरूडला

लातूरकराला मुरूड म्हटले की समुद्र आठवत नाही. त्याला आठवते बार्शी रस्त्यावरचे मुरूड, तिथला बाजार आणि एस.टी. थांबल्यावर खिडकीतून हात घालून विकली जाणारी भजी. दुसरे मुरूड कोकणात आहे आणि तिथे पाण्यात किल्ला उभा आहे, हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळले. अब्बा दरवर्षी म्हणायचे, ‘यंदा या मुरूडहून त्या मुरूडला जाऊ.’ एका वर्षी तर बॅगा भरून झाल्या होत्या. ते २०१६ साल. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत घर बंद करून फिरायला जाणे म्हणजे टँकरची पाळी चुकवणे. बॅगा रिकाम्या केल्या.

पुढे अब्बाच गेले. अम्मी बहात्तर वर्षांच्या झाल्या, तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. उमऱ्याला गेल्या तेव्हा विमान रात्रीचे होते. खिडकीत अंधाराखेरीज काही दिसले नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान लागायला दहा-बारा दिवस असताना आम्ही एकदाचे ठरवले. नांदेडहून आपा, भाईजान आणि त्यांची दोन मुले आली. उदगीरचे मामू, निवृत्त इतिहास शिक्षक, त्यांना न विचारता नेले असते तर जन्मभर बोलणी खावी लागली असती.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायला पलंग, ओटा, न्हाणी सगळे आत असलेल्या गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. आम्ही भाडे विचारले आणि शुक्रिया म्हणून फोन ठेवला. भाईजानच्या ओळखीतली एक टेम्पो ट्रॅव्हलर मिळाली. मागच्या आसनांवर फळ्या टाकून त्यावर गाद्या अंथरल्या की अम्मींना आडवे होता येई. पाण्याचे चार कॅन, पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक शेगडी, दोन पातेली, तवा, ज्वारीचे पीठ, ठेच्याची बरणी आणि चटया. शेगडी गाडीत पेटवायची नाही, गाडी थांबवून उघड्यावरच, हा नियम आपाने घातला आणि तो मोडू दिला नाही. आमच्यासारखे कोणी निघणार असेल तर हा एक नियम जरूर पाळा.

पहाटे फज्रनंतर निघालो. आमचे मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी, इंदापूर. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याला लागून न्याहारीसाठी थांबलो. खिचडी-खट्टा घरून बांधून आणला होता. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची लांब गुलाबी रांग उभी होती. मुलांना ते पक्षी, अम्मींना ते पाणी. त्या वर्षी लातूरला उजनीचे पाणी आणायची चर्चा किती चालली होती, हे त्या मामूंना आठवून सांगत राहिल्या.

पुण्यापुढे ताम्हिणी घाट. उतारावर गाडीतून रबर जळल्यासारखा वास यायला लागला. आदल्याच आठवड्यात ब्रेक तपासून घेतल्याचे पैसे भाईजानने मोजले होते. तासभर गाडी उभी करून ब्रेक थंड होऊ दिले आणि उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. वजनदार गाडी घाटात ब्रेकवर नव्हे, गिअरवर उतरवायची असते. मराठवाड्याच्या सपाट रस्त्यांवर ही सवय लागत नाही. माणगावनंतर पाटी दिसली, ‘इंदापूर’. भाचा ओरडला, ‘आपण परत मागं आलो का?’ रायगड जिल्ह्यातही एक इंदापूर आहे. तिथून तळ्यावरून आगरदांड्याकडे उतरताना झाडांच्या फटीतून खाडीचे पाणी चमकले आणि गाडीतले बोलणे थांबले.

मुरूडला ज्यांच्या वाडीत मुक्काम केला त्यांनी गाडी नारळीखाली लावू दिली, मोरी आणि संडास वापरायचे थोडे पैसे घेतले. मगरिबच्या आधी अम्मींना किनाऱ्यावर नेले. त्या खुर्चीवर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘इत्ता पानी, अन् पीने कू एक घोट नै!’

मुले पाण्यात धावणार तोच वाडीच्या मालकांनी हाक मारून थांबवले. भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही आणि ओहोटीला तर नाहीच, असे त्यांनी निक्षून सांगितले. याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेली महाविद्यालयातली १४ मुले-मुली बुडाली. वाचकांना ती बातमी आठवत असेल. त्यातल्या बऱ्याच जणांची घरे आपल्यासारखीच होती. कडेला गुडघाभर दिसणारे पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. आम्ही घोट्यापर्यंतच भिजलो. आणखी एक: गाडी वाळूत नेऊ नका. रुतली की भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी राजपुरीचा धक्का. जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जावे लागते. किल्ल्याच्या दारात होडी हलत असते आणि हलत्या होडीतून ओल्या पायरीवर पाऊल टाकावे लागते. तांडेलाने अम्मींच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि स्पष्ट सांगितले, ‘आजींना नका आणू. आज पाणी उसळतंय.’ इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो किल्ला समोर आणि आम्ही त्यांना धक्क्यावर सोडून जायचे! आपा थांबते म्हणाली. अम्मींनी तिलाही पिटाळले. ‘तुम जाओ. मैं यहाँ से देखतूँ.’

लांबून किल्ल्याला दार दिसतच नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधून ते उघडते. दाराशी दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी, पंजात आणि शेपटीत हत्ती धरलेला. आत पडक्या वाड्याच्या मजल्यामजल्यांच्या भिंती, मशीद, झाडोरा आणि तटावर तोफा. कलालबांगडी नावाच्या तोफेवर हात ठेवायला सगळ्यांची रीघ. मुलांनी बुरूज मोजले. एकाचे एकोणीस झाले, दुसऱ्याचे बावीस, आणि दोघे भांडले. पण आम्ही सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो ते तळ्यांपाशी. भोवती खारा समुद्र आणि मधोमध खडकात गोड्या पाण्याची दोन तळी. तोफा आणि तटाइतकेच या तळ्यांनी हा किल्ला राखला. वेढ्यात बसलेल्या माणसांना दाणा होडीने चोरून आणता येतो, पाणी आणता येत नाही. हे लातूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

भाच्याचा प्रश्न तिथेच आला. आमच्या पुढे एक कॉलेजचा घोळका होता, घोषणा देत चाललेला. गाइड सांगत होता की शिवाजी महाराजांनी अनेकदा प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगडांचा भराव घालून वाट करायला घेतली, तरी सिद्दी हटला नाही. सहावीतल्या भाच्याने हळूच मामूंना विचारले, ‘नानामामू, आपण कोणाच्या बाजूचे?’ त्याला हे शाळेत कोणीतरी विचारले होते. काय उत्तर दिले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही खोदून विचारले नाही.

मामूंनी त्याला तटावर बसवले. म्हणाले, आधी हे बघ की कोण कोणाकडे होता. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली माणसे. काही गुलाम म्हणून आली आणि सरदार झाली. मलिक अंबर त्यांतलाच. आपल्या औशाचा किल्ला काही काळ त्याच्या ताब्यात होता. इथे जंजिऱ्यात १६७१ च्या सुमारास किल्लेदार फतेहखान वेढ्याला कंटाळून किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला निघाला, तेव्हा त्याच्याच तीन सिद्दी सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांकडे मदत मागितली. म्हणजे सिद्दीसुद्धा सगळे एका बाजूला नव्हते. आणि समोरून कोण लढत होते? महाराजांच्या आरमाराचे दोन मोठे अधिकारी दर्यासारंग आणि दौलतखान. दोघेही मुसलमान. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर मायनाक भंडाऱ्याने तट बांधायला घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही चालून आले तेव्हा त्याच्या पाठीशी गलबते घेऊन उभा राहिला तो हाच दौलतखान. सिद्दीने मग शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली.

‘आणि आपल्या उदगीरला?’ मामूंचा आवाज इथे वर्गातला झाला. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. निजाम मुसलमान आणि त्याच्यावर तोफा डागणारा इब्राहीमखान गारदीही मुसलमान. आधी तो निजामाकडेच होता. वर्षभराने पानिपतावर भाऊंच्या बाजूने लढून मारला गेला. ‘त्या वेळी माणसे धन्याच्या, पगाराच्या आणि दिलेल्या शब्दाच्या बाजूची असत. तुला जो विचारतो त्याला म्हण, मी उदगीरच्या मास्तराचा नातू, मला आधी तारीख सांग.’ भाचा हसला. पण परतीच्या होडीत त्याने दौलतखानाचे नाव दोनदा विचारून घेतले.

जाता जाता इतकेच सांगतो की, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत ही खांदेरी आहे, दापोलीजवळचा सुवर्णदुर्गही आहे. आमचा प्रवास तेव्हा होऊन गेला होता, तरी मामूंनी बातमीचे कात्रण भाच्याला पाठवले. पेन्सिलीने खांदेरीखाली रेघ मारून.

धक्क्यावर परतलो तेव्हा अम्मी एकट्या नव्हत्या. शेजारी त्यांच्याच वयाच्या एक कोकणी मुसलमान बाई बसल्या होत्या, पुढ्यात सुकटीची टोपली. आमच्या अम्मींची दखनी त्यांना उमजेना आणि त्यांची कोकणी बोली अम्मींना. तेव्हा दोघी मराठीत बोलत होत्या. घरात नातवंडांशीही दखनीत बोलणाऱ्या अम्मींचे इतके सलग मराठी आम्ही प्रथमच ऐकले.

बाईंचे आजोबा जहाजावर होते. या किनाऱ्यावरच्या गावागावांतून माणसे मुंबई बंदरात जाऊन इंग्रजी आगबोटींवर खलाशी होत. इंजिनखोलीत कोळसा ओढणे, बॉयलर सांभाळणे, डेक धुणे. दोन्ही महायुद्धांत या व्यापारी जहाजांवर पाणबुड्यांनी हल्ले केले आणि पाणतीर लागला की सर्वांत खाली, यंत्रांपाशी असलेल्यांना वर यायला वेळ मिळत नसे. ‘दुसऱ्या लढाईत गेले ते गेलेच,’ बाई म्हणाल्या. ‘कंपनीचा कागद आला. आजीनं बांगड्या फोडल्या नाहीत. म्हणायची, मय्यत कुणी बघितली?’ घराच्या पडवीत आजी संध्याकाळी दिवा लावून ठेवायची, बोटीवरून दिसेल असा.

अम्मी गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही घरात कधी धड ऐकले नव्हते. त्यांचे सख्खे मोठे मामू १९४८ च्या सप्टेंबरात, निजामाच्या राज्यात फौज आली त्या दिवसांत, बाजाराला म्हणून निघाले आणि परत आले नाहीत. ना कागद आला, ना कोणी निरोप आणला. अम्मी तेव्हा जन्मलेल्या नव्हत्या; पण त्यांची आई शेवटपर्यंत दाराची कडी आतून लावू देत नसे. मराठवाड्यात ज्यांच्या घरी असे काही झाले ते लोक ‘पोलिस ॲक्शन’ एवढे दोन शब्द बोलतात आणि विषय बदलतात. अम्मींनीही बदलला. ‘तुमच्याकडं कागद तरी आला,’ एवढेच म्हणाल्या.

मामूंनी त्या बाईंना सांगितले की मुंबईत मस्जिद बंदराजवळ खलाशांचे जुने घर आहे, तिथे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावांची नोंद आहे. बाईंना हे माहीत नव्हते. त्यांनी नातवाला बोलावले, आजोबांचे नाव, बापाचे नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहवून घेतले आणि चिठ्ठी अम्मींच्या हातात दिली. मग अम्मींना आमची आठवण झाली. पहिला प्रश्न, ‘किल्ले में पीने का पानी है क्या?’ भाच्याने दोन तळ्यांचे सांगितले. ‘मीठा?’ ‘मीठा.’ त्यांनी बाईंकडे वळून मान डोलावली, जणू त्यांचेच काही सिद्ध झाले.

दुपारी खोकरीला गेलो. रस्त्याकडेला सिद्दी सत्ताधीशांच्या तीन दगडी कबरी-इमारती आहेत. मोठी सिरूलखानाची, ती त्याने हयातीतच बांधून घेतली असे सांगतात. लहान दोन याकूतखान आणि खैरियतखान या भावांच्या, फतेहखानाला कैद करणाऱ्यांपैकीच हे दोघे. तिथे फारसे कोणी येत नाही. फातिहा पढून आम्ही निघालो. अम्मी मात्र सावलीत बसून होत्या, निघायची घाई त्यांना नव्हती.

फणसाडचे जंगल मुरूडपासून फार लांब नाही. पूर्वी ती नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आत पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. सुपेगावच्या बाजूने सकाळी शिरलो. बिबट्या दिसेल या आशेने भाऊ-बहिणी श्वास रोखून चालत होती. दिसला शेकरू, तांबूस रंगाची मोठी खार, झुपकेदार शेपटी सोडून वरच्या वर एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. अंजनीच्या झाडांत गारंबीचे वेल, हातभर लांब शेंगा लोंबणाऱ्या. इथे गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवायची सोय केलेली आहे. ते ऐकून भाईजान म्हणाले, लहानपणी गावाबाहेर बैल मेला की दुपारपर्यंत गिधाडे सांगाडा करून ठेवत. पुढे ती दिसेनाशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता आमच्याकडे मेलेल्या जनावरावर कुत्री असतात.

आगरदांड्याहून दिघीला जाताना गाडीसकट जंगल बोटीत चढलो. गाडीतच बसून समुद्र ओलांडायचा ही कल्पना अम्मींना फार आवडली. किल्ल्याला न गेल्याची भरपाई झाल्यासारखे त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा रस्ता सुरूच्या आणि सुपारीच्या बागांतून जातो. मात्र अनेक बागा विरळ. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ याच पट्ट्यात जमिनीवर आले आणि एका दुपारीत उभ्या बागा आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला वर्षे लागतात. चहा घेताना एक बागायतदार हे सांगत होते आणि आमचा भाऊ सोयाबीनचे सांगत होता. वादळ आणि दुष्काळ यांत कोणते बरे, यावर दोघांचे एकमत झाले नाही.

बागमांडल्याहून पुन्हा जंगल बोटीने बाणकोट खाडी ओलांडली आणि वेळासला पोहोचलो. हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आता ते ओळखले जाते कासवांसाठी. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. पिल्ले त्या पाहतही नाहीत. पूर्वी अंडी माणसे नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू किती तापली त्यावर नर निपजणार की मादी हे ठरते. गावात हॉटेले नाहीत, लोक घरातच पाहुणे ठेवतात. जेवण शाकाहारी, वाफाळता भात, आमटी आणि उकडीचे मोदक. परक्या गावात हलाल-हरामची चौकशी न करता पोटभर जेवण्याचा आराम काय असतो, ते प्रवास करणाऱ्या आपल्या बायकांना विचारा.

पहाटे फज्र वाळूवरच झाली. भावाने आणि भाईजानने अम्मींना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून ओल्या वाळूपर्यंत नेले. दोरीपलीकडे उभे राहायचे, दिवा-फ्लॅश लावायचा नाही, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात आणि त्यांच्यासाठी उजेड समुद्राच्या बाजूला असावा लागतो. टोपली उचलली. त्या दिवशी नऊ पिल्ले निघाली होती, मुठीत मावतील अशी, काळी. थोडी चालत, थांबत, लाट आली की मागे फेकली जात, पुन्हा निघत. हजारातले एखादेच मोठे होते म्हणतात. भाची हळू आवाजात मोजत होती. आठ गेली. नववे उलटे पडले होते. कार्यकर्त्याने ते सरळ केले, पण पाण्यात नेऊन ठेवले नाही. ‘ते चाललं पाहिजे,’ तो म्हणाला. सगळ्यांनी वाट पाहिली. अम्मींचे ओठ हलत होते. नववेही गेले, आणि पुढे बराच वेळ कोणी दोरीपासून हलले नाही.

परत येताना बार्शी ओलांडून आपल्या मुरूडला चहाला थांबलो. गाडीच्या टपावर वाळू, खिडकीत वाळायला टाकलेले टॉवेल. चहावाल्याने विचारले, ‘कुठून आलात?’ भाचा म्हणाला, ‘मुरूडहून.’ त्याने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि चहा गाळायला लागला.

चिठ्ठी अम्मींच्या बटव्यातून काढून त्याच दिवशी मुंबईच्या भाच्याला फोनवर वाचून दाखवली. नाव, बापाचे नाव, गाव. अम्मींनी फोन घेतला आणि आणखी एक नाव सांगितले, आपल्या मामूंचे. ‘अम्मी, वहाँ सिर्फ जहाज वालों के नाम रहते,’ तो म्हणाला. ‘मालूम है,’ त्या म्हणाल्या. ‘तू लिख ले.’